पीएम रूममधल्या माणसाबद्दल

अपघात, सर्पदंश, गळफास, विषबाधा, विहिरीत पडून मृत्यू. यातलं काहीही घडलं की पोलीस पंचनामा करतात आणि देह 'पीएम'ला, म्हणजे शवविच्छेदनाला जातो. ज्याच्या नात्यागोत्यात कुणाचंच पीएम झालेलं नाही असं घर गावात शोधून सापडणार नाही. तरीही त्या बंद दाराआड आपला माणूस कुणाच्या हातात असतो, हे आपण कधी विचारत नाही. बाहेर झाडाखाली बसून आपला प्रश्न एकच असतो, "बॉडी कधी ताब्यात मिळणार?"

कागदावर शवविच्छेदन डॉक्टर करतो, अहवालावर सही त्याची असते. पण तालुक्याच्या कित्येक दवाखान्यांत सुरी हातात असते ती सफाई कामगाराच्या. डॉक्टर नाकाला रुमाल लावून दाराशी उभे राहतात आणि तिथूनच लिहून घेतात. स्वतः हातमोजे घालून नीट काम करणारे डॉक्टर मी पाहिलेत, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण बाकी ठिकाणी काय चालतं हे पोलिसांपासून शववाहिकेच्या ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे, आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटत नाही. मला मात्र वाटतं.

हे काम नेमकं काय असतं ते एकदा स्पष्ट लिहितो. गळ्यापासून ओटीपोटापर्यंत छेद घ्यायचा. एका कानामागून टाळूवरून दुसऱ्या कानामागे दुसरा छेद, कातडी पुढे-मागे सारायची, मग करवतीनं कवटी उघडायची. अवयव बाहेर काढून पाहायचे. विषाचा संशय असेल तर व्हिसेरा, म्हणजे आतल्या अवयवांचे नमुने, मिठाच्या संपृक्त द्रावणात बरणीत भरून, सील करून पोलिसांकडे द्यायचा, तो न्यायसहायक प्रयोगशाळेत जातो. इथपर्यंतचं सगळं अहवालात येतं. त्यानंतरचं येत नाही. अवयव परत आत ठेवणं, शिवणं, धुणं, पुसणं, चादरीत बांधणं. आईला किंवा बायकोला जो देह शेवटचा दिसतो, तो या न लिहिलेल्या कामातून आलेला असतो.

माझे मामा रस्त्यावरच्या अपघातात गेले. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, कारण असे दवाखाने पुष्कळ आहेत. पीएम रूम मुख्य इमारतीपासून लांब, कंपाउंडच्या भिंतीला लागून. नळ होता, पाणी नव्हतं. मामेभाऊ आणि मी समोरच्या चहाच्या टपरीमागच्या हापशावरून बादल्या भरून आणल्या. आतला माणूस पन्नाशीचा असेल, हातमोजा अंगठ्याशी फाटलेला. बादली घेताना त्यानं विचारलं, "वहिनींना तोंड दाखवायचंय ना? मग थोडं थांबा, घाई करू नका." थोड्या वेळानं परत दार किलकिलं करून, "भांग कोणत्या बाजूला पाडायचे?" मामेभावाला सांगता येईना. मी म्हणालो, डावीकडे.

मामी जवळ बसली तेव्हा मामांचे केस विंचरलेले होते, कानातलं रक्त पुसलेलं होतं. डोक्यामागची शिवण उशीत दडलेली. कपाळावर चादरीची घडी अशी घेतली होती की जखम दिसू नये. हे सगळं त्या माणसाला करायची कुणी सक्ती केली नव्हती. त्यासाठी त्याला कुणी शिकवलंही नव्हतं.

आता जातीचं बोलतो, कारण ते टाळून या विषयावर बोलणं खोटं ठरेल. 1836 साली कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात पंडित मधुसूदन गुप्तांनी मानवी देहाचं विच्छेदन केलं. वैद्य घराण्यातला माणूस, प्रेताला हात लावणं म्हणजे समाजाचा रोष ओढवून घेणं. त्यांचं नाव आजही वैद्यकाच्या इतिहासात मानानं घेतात, घ्यायलाच हवं. पण त्याच कलकत्त्यात शवागारातल्या कामगाराच्या पदाला आजवर 'डोम' म्हणत आलेत, म्हणजे सरळ जातीचं नाव. एकानं एकदा हात लावला तर तो क्रांतिकारक, आणि जे पिढ्यान् पिढ्या रोज हात लावतात त्यांना पाणी प्यायला वेगळा पेला. आपल्याकडे पदाचं नाव 'सफाई कामगार' असतं, तरी ते काम कुणाच्या घरातल्या माणसाकडे येतं हे महाराष्ट्रात कुणाला सांगायची गरज नाही.

"ते लोक पिऊनच काम करतात," हे मी लहानपणापासून ऐकतोय. आपण हे इतकं सहज म्हणतो की जणू दारू हे त्या कामाचं हत्यारच आहे, करवतीसारखं. चार दिवस पाण्यात राहिलेला देह, ना पंखा, ना पाणी, ना धड मास्क. त्या खोलीत शुद्धीवर राहून काम करायला लागतं ते सगळं आपण काढून घेतलं आणि मग त्याच्या तोंडाचा वास येतो म्हणून नाक मुरडलं. नातेवाइकांकडून पैसे मागतात, हीही तक्रार असते. मागणं चूकच, दुःखात बसलेल्या माणसाकडे हात पसरणं क्रूर आहे. पण कुठे रोजंदारी, कुठे कंत्राट, तेही महिनोन् महिने थकलेलं, याची तक्रार कोण करतं?

कायदा आपल्या बाजूनं आहे. फाशीनंतर देह किती वेळ लटकत ठेवायचा, या प्रश्नावर पंडित परमानंद कटारा सर्वोच्च न्यायालयात गेले होते. 1995 च्या त्या निकालात न्यायालयानं म्हटलं की, राज्यघटनेच्या कलम 21 मधला प्रतिष्ठेचा हक्क माणसाच्या मृत्यूनंतर त्याच्या देहालाही आहे. नोव्हेंबर 2021 मध्ये केंद्र सरकारनं सूर्यास्तानंतरही शवविच्छेदनाला परवानगी दिली. खून, आत्महत्या, बलात्कार, कुजलेला देह आणि घातपाताचा संशय अशी प्रकरणं सोडून, आणि जिथे पुरेशी सोय आहे तिथेच. सोय म्हणजे आधी उजेड. जिथे दिवसाढवळ्या मोबाइलच्या टॉर्चवर काम चालतं, तिथे रात्रीच्या परवानगीचा कागद कुणाच्या उपयोगाचा?

माझं म्हणणं साधं आहे. सुरी डॉक्टरनं धरावी, ती त्याचीच जबाबदारी आहे. मदतीला प्रशिक्षित शवविच्छेदन सहाय्यक हवा, कायम पगारावर, आणि ती जागा कोणत्याही जातीच्या माणसाला अर्ज करावासा वाटेल अशी हवी. त्याला हिपॅटायटिस बीची लस, गमबूट, जाड हातमोजे, अंघोळीला गरम पाणी. देह कसा शिवायचा, कसा धुवायचा, नातेवाइकांशी कसं बोलायचं, हे त्याच्या प्रशिक्षणात असावं. बाहेर बायाबापड्यांना बसायला सावली आणि प्यायला पाणी.

यातलं बरंचसं मोठ्या निधीवाचून होतं. सरकारी दवाखान्यांना रुग्ण कल्याण समिती असते, तिच्या हाती थोडाफार निधी असतो. तुमच्या तालुक्याच्या समितीत कोण आहे ते शोधा. पुढच्या बैठकीआधी अर्ज द्या आणि त्यात तीनच गोष्टी विचारा: पीएम रूमच्या नळाला पाणी आहे का, तिथे काम करणाऱ्या माणसाला हिपॅटायटिसची लस दिली आहे का, आणि त्याचा पगार शेवटचा कधी झाला. उत्तर लेखी मागा. मी माझ्या तालुक्यात अर्ज दिलाय. ज्यांना मसुदा हवा असेल त्यांनी मेसेज करा, लगेच पाठवतो.