पृथ्वी नऊ कोटी किलोमीटरवर कधीच नव्हती

जुलै उजाडला की ठाण्या-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरू लागतो. 'उद्या पहाटे ५.२७ पासून २२ ऑगस्टपर्यंत अ‍ॅफेलियन. सूर्य एरवी ९ कोटी किलोमीटरवर, म्हणजे ५ प्रकाश-मिनिटांवर असतो. आता १५.२ कोटींवर जाणार, ६६ टक्के जास्त. थंडी वाढेल, ताप, खोकला, अंगदुखी होईल. सर्वांना पाठवा.' पाठवणाऱ्यांना घरच्यांची, शेजाऱ्यांची काळजी असते, पण मजकूर चुकीचा आहे आणि त्यातला शेवटचा भाग धोक्याचा आहे.

आधी अंतर. यातला १५.२ कोटींचा आकडा बरोबर आहे, घोळ ९ कोटींत आहे. सूर्यापासून आपलं सरासरी अंतर सुमारे १५ कोटी किलोमीटर, मैलांत मोजलं तर ९.३ कोटी. मैलांचा आकडा कुणीतरी किलोमीटर म्हणून लिहिला असावा आणि प्रकाशाचा वेळही त्यावरूनच काढला असावा. कारण सेकंदाला ३ लाख किलोमीटर धरले तर ५ मिनिटांत बरोबर ९ कोटी होतात! प्रत्यक्षात सूर्यप्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे ८ मिनिटं २० सेकंद लागतात. शुक्रसुद्धा सूर्यापासून १०.८ कोटी किलोमीटरवर आहे. पृथ्वी ९ कोटींवर असती तर शुक्राच्याही आत फिरली असती. खरा फरक एवढाच, की जानेवारीच्या सुरुवातीला अंतर १४.७ कोटी असतं आणि जुलैच्या सुरुवातीला १५.२ कोटी. सरासरीपेक्षा जेमतेम पावणेदोन टक्के जास्त.

तारखाही चुकीच्याच. अ‍ॅफेलियन म्हणजे अपसूर्य, हा पृथ्वीच्या कक्षेतला सूर्यापासून सर्वांत लांबचा एक बिंदू आहे. जुलैच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी तो ओलांडते आणि लगेच पुन्हा सूर्याजवळ सरकू लागते.

आता थंडी. जानेवारीपेक्षा जुलैत पृथ्वीला सूर्याची ऊर्जा सुमारे ७ टक्के कमी मिळते, हे खरं. पण ऋतू ठरतो तो पृथ्वीच्या २३.५ अंश कललेल्या आसामुळे. ठाणे साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस भर दुपारी सूर्य आपल्या थेट डोक्यावर येतो. ढग नसले, तर तलावपाळीवर उभ्या माणसाची सावली पायाखालीच पडेल. मेसेज थंडीची भीती घालतो ते नेमके हेच दिवस. उलट पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते तेव्हा ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगरात पहाटे गारठा असतो. जुलैतला गारवा ढगांचा आणि पावसाचा.

राहिला आजार. जुलैत घरोघरी माणसं आजारी पडतात, म्हणून मेसेज लगेच पटतो. पण त्याला कारण फ्लूचे विषाणू, मलेरिया-डेंग्यू पसरवणारे डास आणि तुंबलेल्या पाण्यातून होणारा लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. मला राग येतो तो इथे. 'सूर्य लांब गेलाय, २२ ऑगस्टनंतर बरं वाटेल' असं समजून कुणी ताप अंगावर काढला तर? लेप्टोचे जंतू उंदरांच्या मूत्रातून पाण्यात येतात आणि पायावरच्या बारीकशा जखमेतूनही शरीरात शिरतात. उपचारांना उशीर झाला तर मूत्रपिंड आणि यकृत निकामी होऊ शकतं. म्हणून साचलेल्या पाण्यातून चालत घरी आला असाल आणि पुढच्या काही दिवसांत ताप आला, तर लगेच डॉक्टरांकडे जा आणि पाणी तुडवल्याचं त्यांना आवर्जून सांगा.