कीरांचं नाव खोडण्याआधी साल तरी बघा

माझी पुतणी कराडला बीएला आहे, बाबासाहेबांवर प्रकल्प करतीय. परवा बघतो तर तिनं वाचायच्या यादीतनं चरित्रकार धनंजय कीरांचं नाव खोडलेलं. का, तर काका, व्हॉट्सॲपवर आलंय. साताऱ्यातल्या आमच्या ग्रुपवर फिरतोय तोच मेसेज: कीर सावरकरभक्त, बाबासाहेब गेल्यावर, जाब विचारायला कोणी उरलं नाही असं बघून त्यांनी १९६६ ला बाबासाहेबांचं चरित्र लिहिलं, मनुस्मृतीदहन दाबलं, आणि बक्षीस म्हणून पद्मभूषण मिळवलं. शिकलेली माणसं हे पुढं ढकलतायत, याचा खरंच संताप येतो.

सगळा आरोप ज्या सालावर उभाय तेच चुकलंय. १९६६ ची ती मराठी आवृत्ती. मूळ इंग्रजी पुस्तक १९५४ चं आणि बाबासाहेब गेले ६ डिसेंबर १९५६ ला. पुस्तक आलं तेव्हा ते हयात होते, राज्यसभेत होते, आणि आपल्याबद्दल कुणी खोटं छापलं तर गप्प बसणारा तो माणूस होता का? नागपूरचं धर्मांतर ऑक्टोबर १९५६ चं, ते पहिल्या आवृत्तीत असणारच कसं, ते पुढच्या आवृत्तीत घातलं. मेसेज लिहिणाऱ्यानं मराठी प्रतीवरचं साल उचललं आणि मेलेल्या माणसावर डाव साधल्याचा आळ कीरांवर टाकला. हे फार वाईट आहे.

मनुस्मृतीदहन, २५ डिसेंबर १९२७, पुस्तकात आहे, महाडचं प्रकरण उघडा.

पद्मभूषण १९७१ चं, म्हणजे मूळ पुस्तकानंतर सतरा वर्षांनी, मग ते त्याचं बक्षीस कसं? आणि सरकारची मर्जी सांभाळणारा माणूस गांधीहत्येनंतर दोनच वर्षांनी, १९५० ला, सावरकरांचं चरित्र काढतो होय?

हां, सावरकरांवर त्यांची भक्ती होती, ते नाकारत नाही. गडी रत्नागिरीचा, सावरकर तिथंच स्थानबद्ध होते, आणि त्या चरित्रात कौतुक जरा जास्तच झालंय, ते जपूनच वाचावं. पण त्याच माणसानं १९६४ ला जोतिरावांचं चरित्र लिहिलं, ज्यांच्या घराण्याचं मूळ गाव आपल्या खटाव तालुक्यातलं कटगुण, आणि १९७६ ला शाहू महाराजांचं. एका बाजूचीच तळी उचलायची असती तर टिळक, फुले, शाहू, आंबेडकर या सगळ्यांची कागदपत्रं धुंडाळत जन्म घालवला नसता.

पुतणीला सांगितलंय, शंका वाटते ना, मग चांगदेव खैरमोड्यांनी लिहिलेल्या बाबासाहेबांच्या चरित्राचे खंड शेजारी ठेव, एकेक प्रसंग ताडून बघ आणि जिथं जुळत नाही तिथं कीरांना खुशाल धर.