धरणाला गाडी घेऊन जाऊ नका, एवढंच म्हणणंय

दर शनिवारी कुणीतरी विचारतंच, धरणावर चाललीयेस ना, मग बसने कशाला, आम्ही सोडतो की गाडीने. मी दर वेळी नको म्हणते आणि लोकांना वाटतं हिला एकतर पर्यावरणाचं खूळ लागलंय नाहीतर पेट्रोलचे पैसे वाचवतीये. दोन्ही नाही. (पेट्रोल थोडंसं.) खरं कारण असंय की ज्या क्षणी तुम्ही धरणाच्या भिंतीपाशी गाडी लावता त्या क्षणी तुमचा अख्खा दिवस त्या गाडीला बांधला जातो, दावं लावलेल्या गुरासारखं, जेवढी दोरी तेवढंच हिंडायचं आणि परत खुंट्यापाशी यायचं.

मग परत यायचं म्हणजे काय, तर गेलात त्याच वाटेने मागे फिरायचं, नाहीतर पाण्याला पूर्ण फेरी मारायची. आणि ही जी फेरीची हौस आहे ना सगळ्यांना, माझा खरा राग तिच्यावर आहे. तळ्याला फेरी मारता येते, धरणाला मारताना दम निघतो. कारण धरणाचं पाणी वाटीतल्यासारखं गोल नसतं. नदीवर भिंत घातली की पाणी मागे मागे चढत जातं, मुख्य दरीत तर जातंच पण बाजूने येणाऱ्या प्रत्येक ओढ्याच्या घळीतही घुसतं, त्यामुळे वरून बघितलं तर बोटं फाकलेला पंजा दिसतो. नकाशावर भिंतीपासून शेपटापर्यंत, म्हणजे नदी येऊन मिळते त्या टोकापर्यंत, सरळ रेघ मारली तर सहा किलोमीटर, आणि काठाकाठाने गेलात तर प्रत्येक बोटाच्या आत जाऊन बाहेर यायचं. घरी एकदा नकाशावर दोरा ठेवून काठाची लांबी मोजून बघा, मी मोजली आणि गप्प बसले.

हे शहाणपण अर्थातच आधी पाय मोडून घेतल्यावर आलंय. पहिल्यांदा गेले तेव्हा मीही फेरीच मारायला निघाले होते. दुपारी दोनला एका झाडाखाली डबा खाल्ला, समोर पलीकडचा काठ इतका जवळ की तिथल्या शेळ्या मोजता येत होत्या, म्हटलं झालंच आता. शेजारी एक काका बसलेले, त्यांना विचारलं, काका, पलीकडे जायला किती वेळ लागेल? ते म्हणाले, "जवळच आहे, पोहता येत असेल तर." मला वाटलं चेष्टा करतायत. दीड तास चालून, एक ओढा दगडांवरून ओलांडून, पलीकडे पोचले तर माझं डब्याचं झाड बरोब्बर समोर, आणि काका अजून तिथेच, त्यांनी हात पण केला मला. पुढे अजून दोन बोटं होती.

लास्ट बस सव्वासहाची होती, बोर्डावर तसं लिहिलेलं. मी सहा दहाला पोचले आणि बस सहा पाचलाच गेली होती. कुठली बस, कुणाची, ते जाऊ दे, पण वेळेच्या आधी सुटणारी बस हा उशिरा येणाऱ्या बसपेक्षा मोठा गुन्हा आहे हे माझं मत कुणीही बदलू शकत नाही. उशिरा आलेली बस निदान येते तरी.

तर तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. फेरी नाही, एका टोकाला उतरायचं, दुसऱ्या टोकाला चढायचं, मधला तुकडा पायी. हे फक्त बसवाल्यालाच जमतं, गाडीवाल्याला दोन गाड्या आणि एक फार चांगला मित्र लागतो. आणि यातली खरी गोम म्हणजे कुठून सुरू करायचं. बहुतेक लोक भिंतीपासून सुरू करतात कारण तिथे बस भरपूर, बोर्ड, चहा, सेल्फी. मी उलटं सांगते. जिथे दिवसाला तीनच बस जातात तिथे सकाळी जाऊन उतरा आणि जिथे अर्ध्या तासाला एक येते तिथे संध्याकाळी संपवा. मग रमलात, दमलात, वाट चुकलात, तरी एक सुटली तर दुसरी आहे.

शिवाय शेपटाकडचा भागच मला जास्त आवडतो. नदी जिथे येऊन साठलेल्या पाण्याला मिळते तिथे तिचा वेग पडतो आणि तिने वाहून आणलेली माती, वाळू तिथेच खाली बसते, म्हणून तो भाग उथळ, चिखलाचा, आणि पक्षी सगळे तिथेच. भिंतीपाशी पाणी खोल, तिथे एखादा पाणकावळा डुबक्या मारत असला तर असला. सकाळी सातला शेपटाला उतरून पहिला एक तास मी चालतच नाही खरं तर, नुसती बघत बसते.

वेळेचा हिशोब मात्र करा. १८९२ साली विल्यम नेस्मिथ नावाच्या एका स्कॉटिश गिर्यारोहकाने एक साधा नियम दिला होता, आजच्या मापात ताशी पाच किलोमीटर, आणि दर सहाशे मीटर चढाला एक तास जास्त. काठाच्या वाटेला चढ फारसा नसतो म्हणून लोक खूश होतात पण पाच ताशी हा न थांबणाऱ्या माणसाचा वेग आहे, मी तीन धरते. तीन म्हणजे फोटो, चपलेतला खडा, आणि वाट संपली म्हणून मागे फिरणं हे सगळं धरून.

अजून एक. नकाशातला निळा रंग हा साधारण पूर्ण भरलेल्या धरणाचा असतो. पाणी उतरलं की निळ्या रेघेपासून खऱ्या पाण्यापर्यंत मोठा उघडा पट्टा तयार होतो, ना झाड ना गवत, बादलीला आतून वळ उठतात तसा. आणि मग मोह होतो की कशाला पूर्ण बोटाला वळसा, सरळ मधून कापू. नका कापू. वरची माती उन्हाने तडकलेली, कडक दिसते आणि खाली गाळ ओलाच असतो. माझा उजवा पाय गुडघ्यापर्यंत गेला होता, पाय आला, बूट काढायला वीस मिनिटं गेली आणि आजूबाजूला एक माणूस नव्हता. तसंच सांडव्याच्या खाली नदीपात्रात छान सपाट दगड असतात, बसायला एकदम भारी, तिथे बसू नका, वर दरवाजे उघडले की पाणी चढायला वेळ लागत नाही.

पाणी उतरल्यावर बुडालेलंही वर येतं. इंग्लंडमधल्या लेडीबाऊर धरणाखाली १९४० च्या दशकात अ‍ॅशॉप्टन आणि डर्वेंट ही दोन गावं गेली, डर्वेंटच्या चर्चचा मनोरा तेवढा ठेवला होता, पाण्यातून वर दिसायचा, १९४७ ला धोका नको म्हणून तोही पाडला. दुष्काळात पाणी खूप खाली गेलं की लोक तिथे घरांचे दगड बघायला जातात. मला हे वाचल्यापासून काठाने चालताना पाण्यात जाणारा जुना रस्ता दिसला की दोन मिनिटं थांबावंसं वाटतं. तो रस्ता कुणाच्या तरी दारात जात असणार.

आणि शहराच्या एवढ्या जवळ, बसच्या अंतरावर, एवढी मोकळी जागा शिल्लक कशी राहिली हाही प्रश्न आहेच. उत्तर सौंदर्यदृष्टी वगैरे नाही. प्यायचं पाणी स्वच्छ ठेवायचं तर पाणलोटात घरं, कारखाने नकोत, म्हणून ती जमीन राखली गेली, बास. सिंगापूरचं मॅकरिची हे १८६८ साली झालेलं धरण, त्याच्या भोवतीचं जंगल पाण्यासाठी राखलं म्हणून टिकलं आणि आज लोक मेट्रोतून उतरून तिथे चालायला जातात. तिथे झाडांच्या शेंड्यांवरून जाणारा अडीचशे मीटरचा एक झुलता पूल आहे आणि त्यावर वाहतूक एकेरी, मागे फिरायचं नाही. माझ्या थिअरीला सरकारी मान्यता मिळाल्यासारखं वाटलं मला! हाँगकाँगमध्येही तेच, शिंग मुनसारख्या जुन्या धरणांभोवतीचे डोंगर आज कंट्री पार्कात आहेत आणि तिथे मिनीबसने जाणं ही इतकी साधी गोष्ट आहे की कुणी त्यावर पोस्ट लिहीत नाही.

आपल्याला लिहावी लागते कारण धरणाची बस बहुतेक वेळा फिरायला जाणाऱ्यांसाठी नसतेच, ती दूधवाल्यांसाठी, शाळेच्या पोरांसाठी, दवाखान्यात निघालेल्या आजींसाठी असते. मग रविवारी शाळा नाही म्हणून ती बस पण नाही, म्हणजे आपल्याला सुट्टी तेव्हाच तिलाही सुट्टी. म्हणून मी शनिवारी जाते. आणि कंडक्टरला चढतानाच विचारते की परतीची शेवटची खरंच किती वाजता, तो बोर्डापेक्षा वेगळी वेळ सांगतो आणि त्याचीच खरी असते.

त्या पहिल्या धरणाचा काठ आता तीन शनिवारांत तीन तुकडे करून चालून झालाय. एकच बोट राहिलंय, नेमकं काकांच्या झाडाच्या पलीकडचं, आणि तिकडे जाणारी एकमेव बस पहाटे पाच चाळीसला सुटते. गेल्या दोन शनिवारी अलार्म लावला होता.