पेलेट स्टोव्हच्या फीड मोटरचे ‘सहा घरगुती उपाय’ : कृपा करून असलं काही करू नका

गेल्या आठवड्यात मावशीने एक फॉरवर्ड पाठवला, “पेलेट स्टोव्हची फीड मोटर बदलायला पैसे घालवू नका, हे सहा उपाय करा”. खाली नेहमीचं ‘सर्वांना पाठवा’. (पेलेट म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बारीक कांड्या. त्या हॉपरमधून, म्हणजे साठवणीच्या पेटीतून, ऑगर नावाचा मळसूत्री दांडा बर्नपॉटमध्ये, म्हणजे जळायच्या भांड्यात टाकतो, आणि ऑगर फिरवते ती फीड मोटर.) मी दुर्लक्ष केलं असतं पण दोन दिवसांनी दादाचा, म्हणजे मावसभावाचा फोन, की “अरे त्यातला पाचवा उपाय केला, स्टोव्ह मस्त चालला, फक्त घरात जरा धुराचा वास येतोय.” मी त्याला म्हटलं आधी स्टोव्ह बंद कर, खिडक्या उघड आणि सगळे बाहेर थांबा, मग बोलू.

तर पाचव्यापासूनच सुरू करतो, बाकीचे त्यामानाने किरकोळ आहेत. उपाय असा : मोटर फिरत नसेल तर व्हॅक्यूम स्विचच्या दोन वायरी काढून एकमेकींना जोडा, “स्विच फालतू असतो, कंपनीवाले उगाच लावतात”. उगाच? अरे बाबा तो स्विच कशाला आहे ते तरी बघ. मागचा एक्झॉस्ट पंखा धूर बाहेर खेचतो त्यामुळे आत हवेचा दाब थोडा कमी होतो, तो दाब एका बारीक रबरी नळीतून स्विचपर्यंत पोचतो आणि तेव्हाच स्विच मोटरला वीज जाऊ देतो. दार उघडं असेल, धुराडं तुंबलं असेल, पंखा बंद पडला असेल तर दाब कमी होत नाही, स्विच वीज तोडतो, पेलेट पडायचे थांबतात आणि आग आपोआप विझते. मॅन्युअलच्या शेवटी वायरिंगचं चित्र असतं ते एकदा उघडून बघा, बहुतेक स्टोव्हमध्ये हा स्विच फीड मोटरच्याच लाइनीत मधे बसवलेला दिसेल. म्हणजे मोटर बंद पडली ती बिघडली म्हणून नाही, तिला बंद केलंय म्हणून.

आता तो स्विच डायरेक्ट केला की काय होतं? धूर बाहेर जात नाहीये तरी पेलेट पडतच राहतात. बर्नपॉट भरून वाहतो, हवा कमी म्हणून अर्धवट जळतं, आणि अर्धवट जळलं की कार्बन मोनॉक्साइड, ज्याला ना रंग ना वास. दादाला धुराचा वास आला हे त्याचं नशीब. आणि धुराला वरची वाट मिळाली नाही तर तो ऑगरच्या नळीतून उलटा हॉपरकडे जातो, त्याच्या मागून आगही जाऊ शकते, आणि हॉपरमध्ये गोणीभर सुकं लाकूड भरलेलं असतं.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. फॉरवर्डमध्ये “मोटर बदलण्याआधी स्विच बघा” असं एक वाक्य आहे ते बरोबर आहे. कित्येकदा मोटर ठणठणीत असते आणि लोक नवी आणून बसवतात. जाणकार मेकॅनिकसुद्धा दोन मिनिटं वायर जोडून बघतो, पण दोष कुठे आहे ते कळण्यापुरतीच, आणि कळलं की काढतो. दादाकडे दोष कुठे होता माहितीये? स्विचच्या रबरी नळीत. स्विचकडचं टोक काढलं, बारीक तार घातली तर काजळीचा वाटाण्याएवढा गोळा बाहेर आला, बस्स. (फुंकायचं असेल तर नळी आधी स्विचवरून काढा. तशीच फुंकलीत तर आतला पडदा फाटतो आणि मग खरंच नवा स्विच लागतो.)

उपाय पहिला, “मोटर थांबत थांबत चालते म्हणजे ती मरायला टेकली”. नाही हो, ती तशीच चालते. बहुतेक स्टोव्हमध्ये कंट्रोल बोर्ड मोटरला काही सेकंद चालू, काही सेकंद बंद असं चालवतो, आच वाढवली की चालूचा वेळ वाढतो. म्हणूनच तिसरा उपाय, पंख्याचा डिमर लावून मोटरचा वेग कमी करा, हा निव्वळ वेडेपणा आहे. या साध्या मोटरचा व्होल्टेज कमी केला की तिचा जोर जातो, जरा भुसा आडवा आला की जागीच अडकते आणि गुरगुरत तापत बसते. पेलेट कमीजास्त करायचे तर बोर्डावर फीड ट्रिमचं सेटिंग असतं, ते एकेक पायरी हलवा आणि अर्धा तास ज्योत बघा. ज्योत लांब, आळशी, शेंड्याला काळी आणि काच काळवंडतेय तर फीड जास्त किंवा हवा कमी. आणि आधी बर्नपॉटची भोकं साफ करा, निम्म्या वेळा सेटिंगला हात लावायची गरजच पडत नाही.

चौथा : 1 आरपीएमच्या (मिनिटाला एक फेरा) जागी 2 आरपीएमची मोटर बसवा, दुप्पट उष्णता. पेलेट दुप्पट पडतील हे खरं, हवा कोण दुप्पट करणार? उष्णता नाही, काजळी दुप्पट मिळेल. मोटर बदलायचीच तर जुन्या मोटरच्या लेबलवरचा आरपीएम, व्होल्टेज, हर्ट्झ आणि फिरायची दिशा चारही जुळवा. दिशा उलटी आली तर ऑगर पेलेट खाली टाकायच्या ऐवजी परत मागे ढकलत बसतो.

दुसरा उपाय म्हणजे डब्ल्यूडी-40 मोटरवर आणि ऑगरवर मारा. नावातच वॉटर डिस्प्लेसमेंट आहे, पाणी हटवायला बनवलेलं ते, गिअरचं ग्रीस नव्हे. गिअरबॉक्समध्ये गेलं तर आतलं ग्रीस पातळ करतं, ऑगरवर गेलं तर भुशाचा चिकट लगदा होतो, आणि आगीशेजारी ज्वलनशील स्प्रे मारतोय आपण हे वेगळंच. काही मॉडेलमध्ये ऑगरच्या टोकाच्या बुशला उष्णता सोसणारं वंगण द्यायला सांगितलेलं असतं, तेवढंच, तेही मॅन्युअलमध्ये लिहिलं असेल तर.

सहावा, “पेलेट कुठलेही चालतात”. आयएसओ 17225-2 या पेलेटच्या आंतरराष्ट्रीय मानकामध्ये ए1 दर्जाच्या पेलेटसाठी ओलावा जास्तीत जास्त 10 टक्के, राख 0.7 टक्के, भुगा 1 टक्का आणि लांबी साधारण 40 मिलिमीटरपर्यंत असं स्पष्ट दिलंय. हे आकडे कुणी गंमत म्हणून लिहिलेले नाहीत. ओले पेलेट फुगून भुसा होतात आणि ऑगरच्या नळीत दगडासारखे बसतात, लांब पेलेट ऑगरच्या पात्यात आडवे अडकतात. दादाच्या ऑगरमधून मी स्क्रूड्रायव्हरने भुशाची वडी खरवडून काढली, अक्षरशः वडी, पात्याचा आकार उमटलेला.

मोटर खरंच गेलीय का बघायचं तर प्लग काढून ऑगरला जोडणारी पिन किंवा स्क्रू सोडवा, मोटर मोकळी करा, मग पुन्हा वीज देऊन लांबून बघा. मागची फिरकी भरभर फिरतेय पण पुढचा दांडा हलत नाही, तर गिअर झिजले, नवी आणा. दांडा मोकळा असताना फिरतो आणि ऑगरला जोडला की अडतो, तर मोटर ठीक, जाम ऑगरमध्ये आहे. फिरकीही हलत नाही, गुरगुरही नाही, तर बहुधा वीजच येत नाहीये, आधी हे बघा : स्विचची रबरी नळी, हॉपरच्या झाकणाचा स्विच, फ्यूज. हे सगळं ठीक असेल तर मोटरची कॉइल जळलेली असू शकते.

दादाची मोटर जुनीच आहे, चालतेय. त्याने घाईघाईत मागवलेली 2 आरपीएमवाली अजून खोक्यात पडून आहे, परत घेतात का ते विचारतोय.