दंडाचा घेर आणि वयाचा हिशेब

रक्तदाबावरील एका लेखात वजन आणि वय वाढले की रक्तदाब वाढतो, असे म्हटले आहे आणि ते बरोबर आहे. परंतु या दोन्हींमुळे रक्तदाबाचे मोजमापच कसे बदलते, हा भाग त्यात यायला हवा होता, असे मला मनापासून वाटते. स्थूल व्यक्तीच्या जाड दंडाला रक्तदाब मोजण्याचा नेहमीच्या आकाराचा पट्टा बांधला, तर धमनी दाबली जाण्यासाठी पट्ट्यात अधिक दाब निर्माण करावा लागतो आणि आकडा प्रत्यक्षापेक्षा जास्त येतो, कधीकधी तर १० मिलिमीटरहूनही (रक्तदाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात) अधिक. पट्ट्यातील हवेच्या पिशवीने दंडाच्या घेराचा सुमारे ८० टक्के भाग वेढायला हवा. म्हणून घरासाठी यंत्र घेण्यापूर्वी टेपने दंड मोजावा. कृश वृद्धाच्या दंडाला मोठा पट्टा बांधल्यास उलट चूक होते.

वयाबाबत ‘१०० अधिक वय’ हा जुना हिशेब अजूनही ऐकू येतो आणि तो धोकादायक आहे, कारण त्यानुसार सत्तरीत १७० हा वरचा आकडाही योग्य ठरतो. साधारण पन्नाशी-साठीनंतर मोठ्या धमन्या ताठर होत गेल्याने वरचा आकडा चढतो, खालचा मात्र उतरू लागतो. त्यामुळे १६०/७० अशा नोंदीत केवळ खालच्या आकड्यावर समाधान मानणे चुकीचे आहे. शिवाय वृद्धांचा रक्तदाब उभे राहिल्यावर १ आणि ३ मिनिटांनी पुन्हा मोजावा. वरचा आकडा २० किंवा अधिक मिलिमीटरने घसरत असेल, तर चक्कर येऊन पडण्याची भीती असते, आणि बसून घेतलेल्या एकाच नोंदीत ही घसरण दिसत नाही.