पालेभाजी शिजवली की "मरते" म्हणे! आणि गरोदर बाईने गोळ्या बंद करायच्या म्हणे!

"शिजवलेली पालेभाजी म्हणजे मेलेलं अन्न" या नावाचा एक फॉरवर्ड सध्या आमच्या इकडे सगळ्या ग्रुपवर फिरून राहिलाय. बचत गटाच्या ग्रुपवर आला, शाळेच्या ग्रुपवर आला, भजनी मंडळाच्याही. म्हणणं असं की पाला विस्तवावर ठेवला की त्यातलं सगळं सत्त्व जळून जातं, सॅलडमध्ये कच्ची घालतात ती लेट्यूससारखी पानं तर गरम केली की विषारी होतात म्हणून जगात कोणीच ती शिजवत नाही, लोखंडी कढईत आंबट भाजी केली की विष तयार होतं, उरलेली भाजी परत गरम केली की कॅन्सर. आणि शेवटी मोठ्या अक्षरात, गरोदर बाईने 'केमिकलच्या' लोहाच्या गोळ्या बंद करून रोज ग्लासभर कच्च्या पालकाचा रस प्यावा, रक्त आपोआप वाढतं.

असले मेसेज मी वाचून सोडून देते. पण माझ्या धाकट्या जावेला पाचवा महिना चालू आहे, हिमोग्लोबिन आधीच कमी, आणि तिने हे वाचून गोळ्यांची पाकिटं डब्यात टाकून दिली. आशाताई विचारायला आल्या तेव्हा कळलं. मी रागावले तर म्हणते, "ताई, त्याच्यात डॉक्टरचं नाव दिलंय ना." नाव दिलंय, पण गाव नाही, दवाखाना नाही, शिक्षण नाही. म्हणून आधी गोळीचंच बोलते, बाकीचं मागून.

उपकेंद्रातून मिळणाऱ्या त्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. चौथ्या महिन्यापासून रोज एक, असं १८० दिवस घ्यायची, हे सरकारच्या ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात ठरवून दिलंय. आता पालक बघा. १०० ग्रॅम पालकात लोह साधारण ३ मिलिग्रॅम. म्हणजे एका गोळीइतकं लोह पाहिजे तर दोन किलो पालक लागतो, तोही रोज, आणि त्यातलंही अंगाला फार थोडं लागतं कारण भाजीपाल्यातलं लोह आतड्यात शोषलं जायला जड असतं. ग्लासभर गाळलेल्या रसात काय येणार? २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या निम्म्याहून जास्त गरोदर बायांना, ५२ टक्क्यांना, ॲनिमिया निघाला होता. अशा देशात कोणी बसल्या बसल्या "गोळी बंद करा" लिहून पाठवतो आणि लोक हात जोडलेले इमोजी टाकून पुढे ढकलतात, याचा मला खरंच संताप येतो. बाळंतपणात रक्त गेलं आणि अंगात आधीच रक्त नसलं तर काय होतं हे गावातल्या प्रत्येक म्हातारीला माहीत आहे.

गोळीने मळमळतं, पोट गच्च होतं, शौचाला काळं होतं, हे सगळं खरं आहे आणि म्हणूनच बायांना ती सोडायला निमित्त पाहिजे असतं. पण त्यावर उपाय आहेत, जेवल्यावर घ्या, रात्री झोपताना घ्या, चहासोबत आणि कॅल्शियमच्या गोळीसोबत घेऊ नका, जेवणात लिंबू पिळा, तरी त्रास झाला तर आशाताईला सांगा.

आणि कच्चा रसच काहून? आपल्या आठवडी बाजारातला पालक कुठून येतो हे सगळ्यांना माहीत आहे, अर्ध्या जुड्या नाल्याकाठच्या वाड्यांमधल्या असतात, त्याच पाण्यावर वाढलेल्या आणि त्याच पाण्यात बुडवून ताज्या दाखवलेल्या. वरून गावाबाहेर लोक अजून उघड्यावर बसतात. त्यातून टायफॉइडचे जंतू येतात, जंतांची अंडी येतात. डुकराच्या पट्टकृमीची अंडी अशी कच्च्या पाल्यावरून पोटात गेली की त्यांच्या अळ्या मेंदूपर्यंत पोचतात आणि माणसाला फिट येतात, मग तो डुक्कर खाणारा असो की माळकरी. धुतल्याने घाण कमी होते, संपत नाही. चांगली शिजवली की हे जंतू मरतात. म्हणजे फॉरवर्डवाला ज्याला "मारणं" म्हणतो त्यात नेमकं मरायला पाहिजे तेच मरतं. शिवाय पालकात ऑक्झलेट भरपूर, रोज कच्चा रस प्यायला तर ज्याला मुतखड्याची सवय आहे त्याचं काही खरं नाही. अशा माणसाने पालक उकळून पाणी काढलं की ऑक्झलेट बरंच कमी होतं.

आता ते "सगळं सत्त्व जळतं" वालं. यात थोडं खरं आहे ते मान्य करते, करावंच लागतं. व्हिटॅमिन सी उष्णतेने कमी होतं, फॉलेटही कमी होतं आणि पाण्यात उतरतं. म्हणून तर आपल्याकडे घोळाणा करतात ना, हरभऱ्याचा कोवळा पाला किंवा मेथी बारीक चिरून मीठ, तिखट, कांदा आणि वरून कच्चं तेल, भाकरीसोबत. घरच्या वावरातला पाला असेल, स्वच्छ पाण्याने धुतला असेल तर खुशाल खा. पण लोह, कॅल्शियम ही खनिजं आहेत, ती विस्तवाने जळत नाहीत, फार तर पाण्यात उतरतात. आणि ज्यापासून शरीर व्हिटॅमिन ए बनवतं ते कॅरोटीन तर कच्च्यापेक्षा शिजवलेल्या, तेलाची फोडणी दिलेल्या भाजीतून जास्त मिळतं.

हे माझ्या मनचं नाही. हैदराबादची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ न्यूट्रिशन, १९१८ साली कुन्नूरला सुरू झालेली आणि १९५८ पासून हैदराबादला असलेली, देशात कोणत्या अन्नात काय आहे हे मोजणारी संस्था आहे. भारतीयांच्या आहाराची तिची मार्गदर्शक पुस्तिका फुकट वाचायला मिळते. त्यात शिजवू नका असं कुठे नाही, उलट कसं शिजवायचं ते आहे: भाजी आधी धुवा मग चिरा, झाकण ठेवून शिजवा, हिरवा रंग टिकावा म्हणून सोडा घालू नका, उरलेलं पाणी फेकू नका. आपल्या अंबाडीच्या भाजीत ज्वारीच्या कण्या आणि तुरीची डाळ सोबतच शिजते, ते पाणी भाजीतच राहतं. तरोट्याचं, म्हणजे टाकळ्याचं, मात्र उकळून पिळून टाकावंच लागतं, तो कडू, तिथे काही जीवनसत्त्वं जातात हे खरं. पण पावसाळ्यात धुऱ्यावर फुकट उगवणारी भाजी आहे ती, कांदा आणि भिजवलेली चणाडाळ घालून गरम गरम भाकरीसोबत खाल्ली तरी पुष्कळ काही देऊन जाते. ती कच्ची खाऊन दाखवावी फॉरवर्डवाल्याने.

लेट्यूसचं तर पार खोटं आहे. चीनमध्ये लसणावर परतलेलं लेट्यूस रोजच्या जेवणातली भाजी आहे, फ्रान्समध्ये मटाराच्या दाण्यांसोबत लोण्यात शिजवतात. जगात कोणीच शिजवत नाही म्हणे! आमच्या दिराच्या मित्राने शेडनेटमध्ये लावलंय, माल नागपूरच्या हॉटेलांना जातो, बाहेरची जाड पानं फाटली की ते घेत नाहीत, ती आमच्याकडे येतात. कच्ची चावायला ती चिवट लागतात. मी पानं हाताने तोडते, मधला पांढरा देठ वेगळा. कढईत तेल चांगलं तापलं की ठेचलेला लसूण आणि सुकी मिरची, लसूण बदामी झाला की आधी देठ टाकायचे, ते जरा पारदर्शक दिसले की पानं, मोठ्या आचेवर परतायची, मीठ अगदी शेवटी. आधी घातलं तर पाणी सुटून गिळगिळीत होतं, कारण लेट्यूसमध्ये ९५ टक्के पाणीच. ढीगभर पानांची वाटीभर भाजी होते, वरणभातासोबत छान लागते. पोषणात पालक, तरोट्याच्या जवळपासही नाही, तो भाग वेगळा, पण विष नाही हो.

कढईचं एवढंच, आंबट भाजी लोखंडात केली की थोडं लोह भाजीत उतरतं, भाजी काळपट होते. रक्त कमी असलेल्या बाईला ते बरंच आहे. फक्त शिजल्यावर दुसऱ्या पातेल्यात काढून ठेवा, कढईत तशीच राहिली तर चव बिघडते.

उरलेल्या भाजीबद्दल अर्धी गोष्ट खरी. पाल्यात नायट्रेट असतं, शिजवलेली भाजी गरम हवेत तासन्तास राहिली की जंतूंमुळे त्याचं नायट्राइट होतं, ते तान्ह्या लेकरांना धोक्याचं. त्यावरून एकदा गरम केली की कॅन्सर असं होत नाही. पण आपल्याकडे उन्हाळ्यात लाइट गेली की फ्रिजही बंद असतो, तर पालेभाजी त्याच जेवणापुरती करा.

जावेच्या गोळ्या परत चालू झाल्यात. ज्यांनी ज्यांनी तो मेसेज पुढे पाठवला त्यांनी त्याच ग्रुपवर "गोळ्या बंद करू नका" एवढी एक ओळ आज टाकावी.