क्रोमओएस फ्लेक्स टाकण्याआधी डब्याच्या मागच्या वायरी मोजा

विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले. आता गावोगावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. शब्द इकडे-तिकडे, पण मजकूर असा: 'जुना कॉम्प्युटर भंगारात देऊ नका. गूगलची क्रोमओएस फ्लेक्स फुकट आहे, दहा मिनिटांत बसते, डेटा जात नाही. कितीही जुनी मशीन नव्यासारखी पळते. मोबाइलची सगळी ॲप चालतात, व्हायरस लागत नाही. शाळा, ग्रामपंचायत, सेतू केंद्र, सगळ्यांच्या कामाची.'

क्रोमओएस फ्लेक्स ही विंडोजच्या जागी बसणारी, क्रोम ब्राउझरभोवती बांधलेली ऑपरेटिंग सिस्टीम. ती फुकट आहे हे खरं. भंगारात देऊ नका हेही पटण्यासारखं. बाकीचं तपासू, आणि सुरुवात सगळ्यात महाग पडणाऱ्या वाक्यापासून करू.

'डेटा जात नाही.' जातो, आणि झाडून सगळा जातो. दुकानदार 'फॉर्मॅट मारतो' तेव्हा फक्त सी ड्राइव्ह उडतो, डी आणि ई शाबूत राहतात, ही आपली वर्षांची सवय. म्हणून नमुना ८ च्या (पंचायतीच्या घरपट्टी आकारणीच्या) एक्सेल फायली, शाळेचे निकाल, लग्नाचे फोटो सगळं डीमध्ये. फ्लेक्सला सी-डी काही कळत नाही. ती पूर्ण हार्डडिस्क पुसते आणि आपली मांडणी करते. विंडोजही ठेवू आणि हेही ठेवू, अशी सोय तिच्यात नाही.

यावर साधा इलाज आहे. १२० किंवा २४० जीबीची साटा एसएसडी, म्हणजे हार्डडिस्कच्याच वायरी लागणारी वेगवान डिस्क, घ्या. कॅबिनेट उघडून जुन्या डिस्कच्या दोन्ही वायरी, डेटाची आणि पॉवरची, काढा आणि एसएसडीला लावा. आत दुसरी डिस्क असेल तर तिच्याही वायरी काढून ठेवा. जुनी डिस्क कागदात गुंडाळून, वर तारीख लिहून कपाटात. बेत फसला तर वायरी पुन्हा जुन्या डिस्कला, की पहिलं विंडोज हजर.

'कितीही जुनी मशीन.' गूगलची किमान अट आहे: इंटेल किंवा एएमडीचा ६४-बिट प्रोसेसर, ४ जीबी रॅम, १६ जीबी साठवण. २०१० च्या आधीचे भाग असतील तर अनुभव चांगला राहणार नाही, हेही गूगलच सांगते. पंचायतीत, शाळेत धूळ खात पडलेल्या कितीतरी डेस्कटॉपमध्ये जी३१ जातीचा मदरबोर्ड असतो. त्यात रॅमचे दोनच खाचे आणि कमाल ४ जीबी. म्हणजे तुमची कमाल तीच तिची किमान. चार टॅब उघडले की धाप लागणार. जी४१ बोर्डात ८ जीबीपर्यंत जाता येतं, पण त्याची घडणही २०१० च्या आधीचीच. एच६१ बोर्ड, दुसऱ्या पिढीचा आय३, ८ जीबी रॅम आणि एसएसडी असेल तर मात्र फ्लेक्स झकास चालते. अशा मशीनसाठी मेसेज खरा आहे.

प्रोसेसर ६४-बिट आहे का, हे सध्याच्या विंडोजमध्येच दिसतं. विंडोज १० मध्ये 'धिस पीसी'वर राइट क्लिक, मग प्रॉपर्टीज, आणि सिस्टीम टाइपची ओळ वाचा. '३२-बिट ऑपरेटिंग सिस्टीम, एक्स६४ प्रोसेसर' असेल तर घाबरू नका. दुकानदाराने ३२-बिट विंडोज टाकलंय, प्रोसेसर ६४-बिटच आहे. प्रोसेसरपुढे 'एक्स८६' दिसलं तर विषय संपला.

आणि मशीन हळू चालते त्याचा दोष दरवेळी विंडोजचा नसतो. कापसाच्या गावात, त्यातही जिनिंगजवळ, एकदा कॅबिनेट उघडून पाहा. प्रोसेसरच्या हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांमध्ये धूळ आणि कापसाचे तंतू गोधडीसारखे बसलेले असतात. वरून अकोला-चंद्रपूरचा मे महिना, पारा ४५ च्या घरात. तापलेला प्रोसेसर जीव वाचवायला आपला वेग स्वतःच उतरवतो. तिथं कोणतीही सिस्टीम टाका, रडगाणं तेच. ब्लोअर मारा, पण पंख्याचं पातं काडीने अडवून. ते गरगर फिरू देऊ नका. हीटसिंक काढून वाळलेली थर्मल पेस्ट पुसा आणि तुरीच्या दाण्याएवढी नवी लावा. बोर्डवरचे कंडेन्सर (उभे नळीसारखे भाग) डोक्यावर फुगलेले दिसले तर त्या मशीनवर एसएसडीचे पैसे घालू नका.

'दहा मिनिटांत बसते.' निव्वळ बसवणं तेवढ्यात होईलही, पण त्याआधीचं कोण करणार? किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह लागतो, त्यावरचं सगळं पुसलं जातं. चालू असलेल्या एखाद्या विंडोज मशीनच्या क्रोममध्ये 'क्रोमबुक रिकव्हरी युटिलिटी' हे एक्स्टेन्शन टाका, मॉडेलच्या यादीतून 'गूगल क्रोमओएस फ्लेक्स' निवडा. फाइल १ जीबीहून मोठी असते, तेव्हा मोबाइलचा दिवसाचा डेटा शिल्लक बघूनच बसा. मग जुन्या मशीनला पेनड्राइव्ह लावून सुरू करताना बूट मेनूची (मशीन कशावरून सुरू करायची ती यादी) कळ दाबा: डेल, लेनोवो, गिगाबाइटला बहुधा एफ१२, एचपीला एफ९, आसुसला एफ८. बायोसचा (मशीनच्या मूळ सेटिंगचा) सीआर२०३२ सेल मेला असेल तर आधी तो बदला, नाहीतर लाईन गेली की सेटिंग पुसली.

पहिल्या सेटअपला नेट लागतंच. डेस्कटॉपला लावायच्या स्वस्त वायफाय डोंगलांपैकी बरीच फ्लेक्स ओळखत नाही. केबल लावा, नाहीतर अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडून टेदरिंग (फोनचं नेट कॉम्प्युटरला देणं) चालू करा.

बसवताना लाईन गेली तर डिस्क अर्धवट पुसलेली राहते आणि पुन्हा पहिल्यापासून. म्हणून यूपीएस हवा, आणि त्याची बॅटरी खरंच टिकते का हे आधी बघा. एकदा बसली की मात्र ही सिस्टीम लोडशेडिंगला विंडोजपेक्षा सोशिक आहे. ती स्वतःच्या दोन प्रती ठेवते, अपडेट वापरात नसलेल्या प्रतीवर चढतं. मध्येच लाईन गेली तरी चालू प्रतीला धक्का लागत नाही. ही खरी जमेची बाजू, आणि मेसेजवाल्याला नेमकी तीच माहीत नाही.

'सेतू केंद्र, ग्रामपंचायत.' इथं मेसेज साफ चुकतो. सेतू केंद्राचा कॉम्प्युटर नुसता ब्राउझर नसतो. त्याच्या मागे चार वस्तू लटकलेल्या असतात. पहिली अंगठ्याची मशीन. आधारची खातरजमा करायला तिला आरडी सर्व्हिस नावाचं सॉफ्टवेअर लागतं. ते विंडोज आणि अँड्रॉइडसाठी मिळतं, फ्लेक्ससाठी नाही. दुसरी, डिजिटल सहीचा यूएसबी टोकन. ई-ग्रामस्वराज या पंचायतीच्या हिशेबाच्या पोर्टलवर पैसे अदा करायला सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याची (पूर्वीच्या ग्रामसेवकाची) डीएससी, म्हणजे हीच डिजिटल सही, लागते; टोकनचा ड्रायव्हर आणि सही करणारं सॉफ्टवेअर विंडोजचं. तिसरी वस्तू प्रिंटर, आणि आपल्याकडे तो हमखास कॅनन एलबीपी २९००. तो कॅनन कंपनीच्या कॅप्ट नावाच्या स्वतंत्र भाषेत बोलतो, त्या ड्रायव्हरशिवाय कागद ओढत नाही, आणि फ्लेक्समध्ये बाहेरचा ड्रायव्हर टाकता येत नाही. नवे, नेटवर्कवरचे प्रिंटर सहसा चालतात. चौथा स्कॅनर, जुना यूएसबीचा असेल तर भरवसा नाही.

वायरीत न मोजलेली एक अडचण आणखी. दाखल्याच्या पीडीएफवर हिरवी टिक आणायला ॲडोबी रीडरमध्ये सही तपासावी लागते. क्रोमचा पीडीएफ दर्शक ती तपासतच नाही, म्हणून प्रिंटवर प्रश्नचिन्ह राहतं आणि माणूस तहसीलमधून परत येतो.

'मोबाइलची सगळी ॲप.' नाही. प्ले स्टोअर विकतच्या क्रोमबुकात (गूगलची सिस्टीम घालूनच येणाऱ्या लॅपटॉपात) असतं, फ्लेक्समध्ये नाही. व्हॉट्सॲप वेब चालतं, तेवढ्यावर भागवा.

'व्हायरस लागत नाही.' विंडोजची डॉट ईएक्सई चालत नाही, त्यामुळे पेनड्राइव्हवरून येणारी पीडा खरंच टळते. पण खोटी बँकेची साइट, ओटीपी मागणारा फोन, भलतं एक्स्टेन्शन या गोष्टींना सिस्टीम कोणती याचं देणंघेणं नाही.

शाळा आणि वाचनालयाला फ्लेक्स शोभते. ई-बालभारतीची पीडीएफ पुस्तकं, दीक्षा या सरकारी शिक्षण पोर्टलची साइट, यूट्यूब, सगळं ब्राउझरमध्ये होतं. पाहुणा म्हणून बसवलेला पोरगा उठला की त्याचं सगळं पुसलं जातं. पण कृतीदेव किंवा श्रीलिपी या जुन्या फाँटांत टाइप केलेल्या जुन्या प्रश्नपत्रिका उघडाल तर अगम्य चिन्हं दिसतील. बाहेरचा फाँट इथं बसवता येत नाही. त्या आधीच विंडोजवर युनिकोडमध्ये वळवा, निदान पीडीएफ करून ठेवा. नेट नसताना गूगल डॉक्समध्ये लिहायचं असेल तर ऑफलाइनची सोय नेट असतानाच चालू करावी लागते.

पेनड्राइव्हवरून सुरू केल्यावर सुरुवातीलाच 'इन्स्टॉल' आणि 'ट्राय इट फर्स्ट' असे दोन पर्याय येतात. दुसरा निवडा. त्यात डिस्कला हात लागत नाही. तासभर वापरा: नेट, आवाज, एक प्रिंट, रोजचं पोर्टल, मागे लटकलेली एकेक वस्तू. ज्याच्यावाचून तुमचं अडतं ते चाललं नाही, तर मशीन बंद करा, पेनड्राइव्ह काढा, चालू करा. विंडोज होतं तिथंच आहे.